कोंबडा कोणी धरावा

जून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी, मलावी देशातील झोम्बा पर्वताच्या पायथ्याशी, लिकांगाला नदीच्या अलीकडच्या काठावर, न्खुलेंबे कुटुंबाच्या अंगणात कुमारी तडाला हिचा वाङ्निश्चय व्हावयाचा होता. तिचे थोरले मामा, निवृत्त दंडाधिकारी गिब्सन न्खुलेंबे, हे तिच्या बाजूचे जामीनदार, म्हणजे सोयरीक पक्की करणारे आणि पुढची भांडणे मिटवणारे, होते. त्यानंतरच्या मंगळवारी लिलाँग्वे येथे संसदेत राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगाच्या प्रस्तावावर मतदान व्हावयाचे होते. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, असे गिब्सन यांनी आठवडाभर घरातल्या प्रत्येकाला बजावले होते. आणि ज्या गोष्टींचा खरोखरच संबंध नसतो त्या इतक्यांदा कोणी बजावत नाही, हे घरातल्या प्रत्येकाच्या ध्यानात आले होते.

डोंगरावरून चिपेरोनी वाऱ्याचे थंड धुके उतरून मक्याच्या वाळक्या ताटांवर बसले होते. स्वयंपाकाच्या खोपटात मात्र ऊब होती. तीन चुलींवर बोकडाचे मटण, चांबो मासा आणि न्सिमाचे, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचे, आधण चढले होते, आणि तिन्ही चुलींवर धाकट्या एलासीची सत्ता चालत होती. तिची थोरली बहीण झिओने, म्हणजे नवऱ्या मुलीची आई आणि सत्ताधारी पक्षाची दुसऱ्यांदा निवडून आलेली खासदार, लाकडी उखळावर बसून कांदा चिरत होती. कांदा चिरण्याची गरज नव्हती. पण तिला हात रिकामे ठेववत नव्हते.

"दादा, मला होय की नाही, एवढंच सांग," ती म्हणाली.

"एका शब्दात उत्तर मागणाऱ्या साक्षीदाराकडं मी नेहमीच संशयानं पाहिलंय," गिब्सन म्हणाले. ते कोटाची गुंडी लावीत होते. "विरोधी पक्षनेता तुला काय म्हणाला ते पुन्हा सांग. त्याच्या शब्दांत."

"दोनतृतीयांशाला चार मतं कमी पडतात. मी उभी राहिले तर आमच्याच पक्षाचे दक्षिणेकडचे तिघे माझ्यामागं उभे राहतील. मिळून चार."

"त्या तिघांनी तुला सांगितलं?"

"त्यांनी त्याला सांगितलं."

"म्हणजे ऐकीव पुरावा." गिब्सन यांनी गुंडी लावली आणि ती चुकीच्या काजात गेल्याचे पाहून सोडली. "आता आरोपपत्र घे. आरोप चार. पहिला खरा आहे. उच्च न्यायालयाचा हुकूम मानायचा नाही आणि हुकूम देणाऱ्या न्यायाधीशांना सक्तीच्या रजेवर पाठवायचं, हे कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला माफ नाही. त्यातले दोन माझ्या हाताखाली शिकलेत. पण दुसरा आरोप काय? विमानाला नवा रंग दिला. तिसरा, भाच्याला राजदूत केलं. या देशात भाच्याला काहीच केलं नाही असा मामा मला दाखव! आणि चौथा तर मी तीनदा वाचला, मला समजलाच नाही."

"मग मी पहिल्यासाठी मत देते."

"मत आरोपावर नसतं, बाई. माणसावर असतं. तो माणूस गेला की त्या खुर्चीत कोण बसतो? उपराष्ट्राध्यक्ष."

"तो बरा आहे की," एलासी पळी हलवीत म्हणाली. "प्रार्थनेत रडतो."

"रडतो खरा. पण त्याच्या बहिणींना अकरा मुलगे आहेत."

एलासी खो खो हसली. झिओने हसली नाही.

"आणि प्रस्ताव पडला तर?" गिब्सन यांचा आवाज आता न्यायासनावरचा झाला होता. "पडलेल्या महाभियोगातून राष्ट्राध्यक्ष आंघोळ करून निघाल्यासारखा स्वच्छ बाहेर येतो. मग त्याच गुन्ह्याकडं पुन्हा बोट दाखवायची सोय उरत नाही. न्यायाधीश रजेवरच राहतील, तुला पक्ष हाकलून देईल, पोटनिवडणूक लागेल, आणि तुझ्या जागी असा कोणी येईल की ज्याला नदीवरचा पूल कुठं आहे तेही ठाऊक नसेल. आकडा हातात नसताना दावा लावणाऱ्या वकिलाला मी कोर्टाबाहेर काढत असे."

"आकडा हातात यायला कोणीतरी आधी उठावं लागतं ना, दादा?"

"ते राजकारण झालं. मी कायद्याबद्दल बोलतोय."

दारात ऑस्टिन उभा होता. तो झिओनेचा नवरा. आणि या खोऱ्यातल्या प्रत्येक नवऱ्याप्रमाणे घरजावई. मुलगी त्याची, अंगण बायकोच्या आईच्या वंशाचे, आणि निर्णय मामाचा, ही व्यवस्था त्याने सव्वीस वर्षे कुरकुर न करता मानली होती.

"माझं मत कोणी विचारत नाही," तो म्हणाला, "म्हणून मी ते मोकळेपणानं देतो."

"चटया अंथरल्यात का?" एलासीने विचारले.

"अंथरल्या, धाकट्या बाईसाहेब. दादा, तुमचा युक्तिवाद बिनतोड आहे. पण मंगळवारी ही गप्प बसली, तर पुढची सगळी वर्षं घरात बोलत राहील. ते ऐकायला तुम्ही नसता. मी असतो."

"आणि मुलीचं काय?" एलासीने पळी चुलीवर आपटली. "तिचा विचार कोणी करतंय का? मुलाचा मामा कोण? वायसन लिकाग्वा! राष्ट्राध्यक्षांचा मुख्य प्रतोद! सोयरीक ठरवली तेव्हा सगळं गोड होतं, एका पक्षाची माणसं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता मंगळवारी तू त्याच्या साहेबाला खुर्चीवरून ओढणार, आणि आज त्याच्याच हातून वाङ्निश्चयाचा कोंबडा घेणार?"

"शनिवार मंगळवारच्या आधी येतो," झिओने म्हणाली.

"तो प्रतोद आहे, ताई. त्याला वार कळतात."

रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजले. गिब्सन यांनी गुंडी योग्य काजात घातली आणि फर्मावले, "अंगणात संसद नाही. पुन्हा सांगतो, काहीही संबंध नाही."

*

पाहुणे चार मोटारींतून उतरले. पहिल्या मोटारीवर पक्षाचा झेंडा होता. ऑस्टिनने तो पाहिला आणि शिरस्त्याप्रमाणे पाहुण्यांना चटया दाखवण्यासाठी पुढे झाला; त्याला हे काम मनापासून आवडे, कारण चटई दाखवणाऱ्याकडे कोणी बघत नाही आणि त्याला सगळे दिसते. त्याला नवरा मुलगा यान्खो दिसला, नव्या सुटात अवघडलेला, तडाला कोणत्या खोलीत असेल याचा अंदाज घेत असलेला. मुलाची आई एस्तेरी दिसली, उंच, संथ, डोक्याला चितेंजेचे निळे कापड गुंडाळलेली. तिच्यामागे तिच्या तिघी बहिणी. धाकटा मामा मेसन दिसला, लिवोंडेला सायकली दुरुस्त करणारा, माणूस सज्जन, पण बोलताना अडखळणारा, म्हणून सहसा न बोलणारा. आणि सर्वांत पुढे वायसन लिकाग्वा, प्रशस्त, प्रसन्न, काखेत तांबडा कोंबडा धरून, निवडणुकीच्या सभेत शिरावे तसा शिरणारा.

दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. मध्ये दोन जामीनदार. गिब्सन यांच्या शेजारी टोपलीखाली पांढरी कोंबडी होती.

"पाहुणे," गिब्सन यांनी ठरलेला प्रश्न केला, "एवढ्या धुक्यात कशाच्या शोधात निघालात?"

"साहेब, काय सांगू!" वायसनने हात पसरला. "आमच्या घरी एक कोंबडा आहे. दाणा खाईना, आरवेना. वैद्याला दाखवला, पाद्र्याला दाखवला. शेवटी कळलं, नदीच्या या काठावर त्याला एक कोंबडी दिसली आहे."

"आमच्याकडं कोंबड्या पुष्कळ आहेत. तुमच्या कोंबड्याला नेमकी कोणती दिसली?"

"जी पदवीधर आहे ती!"

बायकांनी जिभा हलवून हुलहुलीचा आनंदघोष केला. आतल्या खोलीत तडालाच्या मैत्रिणी खिदळल्या. ऑस्टिनला वाटले, माणूस काहीही असो, बोलतो झकास.

"तुमचा कोंबडा मारकुटा नाही ना?"

"आमच्या वंशात कोंबडे मारत नाहीत. मार खातात. माझ्या मेहुण्यांना विचारा."

मेहुण्यांच्या बाजूने मोठ्याने होकार आला. आता रीतीप्रमाणे वायसनने कोंबडा पुढे करायचा, गिब्सन यांनी कोंबडी, आणि अदलाबदल होताच सोयरीक पक्की. वायसनने कोंबडा दोन्ही हातांत घेतला, पुढे झुकला, आणि थांबला.

"देण्याआधी एकच गोष्ट," तो हसतमुखानेच म्हणाला. "माझ्या छपरावर ज्या अंगणातून दगड येणार, त्या अंगणात मी कोंबडा कसा सोडू? मुलीच्या आईनं सर्वांदेखत एक वाक्य बोलावं. मंगळवारी त्या आपल्या माणसांबरोबर बसतील, एवढंच. मग कोंबडा तुमचा."

हुलहुली द्यायला उघडलेली तोंडे तशीच राहिली. नेमकी चूक काय झाली हे बोलणाऱ्याखेरीज सर्वांना कळले. वायसन महिनाभर दारोदार मते गोळा करीत फिरला होता. त्या फिरण्यात हे एक दार वेगळे आहे, याचा त्याला विसर पडला होता. ऑस्टिनने बायकोकडे पाहिले. झिओनेने ओठ घट्ट मिटले होते. बोलली असती तर होय म्हणाली असती की नाही, हे सव्वीस वर्षांच्या अनुभवानेही त्याला सांगता आले नसते, कारण खोलीच्या दारात तडाला येऊन उभी राहिली होती आणि आई तिच्याकडे बघत होती.

"हरकत!" गिब्सन म्हणाले.

*

एस्तेरीला तो शब्द आवडला नाही. मग तिने पुढचे ऐकले.

"लिकाग्वासाहेब," गिब्सन म्हणत होते, "जामीनदाराच्या तोंडी मुलगा-मुलगी या दोघांखेरीज तिसऱ्याचा विषय येऊ नये, ही तुमच्या घराण्याचीही रीत आहे आणि आमच्याही. उद्या या दोघांचं भांडण झालं तर ती दोघं आपल्याकडं येणार. तुमचा भाचा सांगेल, बायको नीट वागवत नाही. आणि तुम्ही विचारणार, मतदान कधी आहे? जामीनदार नेमतात त्या त्याच्या बहिणी. काढायचा तर त्यांनीच काढावा. मी फक्त हरकत नोंदवतो. आरोप एकच. त्यावर तुम्ही आधी बोला. तुमचं ऐकल्याशिवाय कोणी काही ठरवणार नाही."

"आरोप!" वायसन हसला. "साहेब, सगळ्यांच्या मनात होतं ते मी बोललो. हा गुन्हा?"

"मनात असणं गुन्हा नाही. कोंबडा हातात असताना बोलणं गुन्हा आहे."

सगळ्या माना एस्तेरीकडे वळल्या. ती थोरली बहीण; शब्द तिचा. तिने संथपणे विचार करायला घेतला, आणि तो विचार सरळ नव्हता. वायसन तिचा भाऊ. यान्खोचे शिक्षण त्याने केले. सरकारी खात्यातली नोकरी त्याच्या एका फोनवर झाली, आणि दुसऱ्या फोनवर जाऊही शकेल. परतायचे ते त्याच्याच मोटारींतून. त्याला आज दुखवले तर उद्या पाठीशी कोण? आणि दुखवले नाही तर? यान्खो दाराकडे बघत होता. दारातल्या मुलीने नजर खाली घातली नव्हती. एस्तेरीला ती तेवढ्यासाठीच आवडली.

काढला तर त्याच्या जागी कोण, हा खरा प्रश्न होता. तिने मेसनकडे पाहिले. मेसन चटईची काडी मोडीत होता.

ती बहिणींकडे वळली. पाहुण्यांसमोर कुजबुजण्यात तिला कमीपणा वाटला नाही.

"मेसन? त्याला बोलता येत नाही," मधली म्हणाली.

"बोलता येणाऱ्यानं आत्ता काय केलं ते पाहिलंस ना?" तिसरी म्हणाली. "मेसन बरा." मधलीने मान डोलावली.

"माझ्या नवऱ्याची नोकरी वायसनदादामुळं आहे," चौथी पुटपुटली. "मला विचारू नका. मी नाहीच म्हणेन."

"नाही म्हण. तुझं नाही मी ऐकलं," एस्तेरी म्हणाली. म्हणजे दोन होकार आणि एक नकार, आणि ती स्वतः. तिच्या लक्षात आले, की मघाशी हरकत आली तेव्हा यांतली एकही कोणत्याच बाजूला नव्हती. कोणी विचारले नव्हते, म्हणून कोणी ठरवलेच नव्हते.

ती उठली.

"दादा, तुझं बोलून झालं?"

"एस्तेरी, हे मुलाच्या भल्यासाठीच—"

"मुलाच्या भल्याचं तू पुष्कळ केलंस. ते मी विसरत नाही, या बहिणीसुद्धा विसरणार नाहीत. पण आज तू माझ्या मुलासाठी आला नव्हतास. कोंबडा खाली ठेव."

वायसनने भोवती पाहिले. हयातभर डोकी मोजलेला माणूस होता; त्याला मोजायला वेळ लागला नाही. त्याने कोंबडा चटईवर ठेवला, कोटावरचे पीस झटकले, आणि सर्वांना वाटले, आता हा उठून मोटारीकडे जाईल. आणि मोटारी चारही त्याच्या.

"मला जेवायला मिळेल ना?" त्याने विचारले.

"जेवायला जामीन लागत नाही," खोपटाच्या दारातून एलासी ओरडली. "बसा मुकाट्यानं!"

पहिला हसला तो ऑस्टिन. मग अंगण हसले, आणि मग, थोड्या कष्टाने, वायसनही.

मेसन पुढे सरकला. त्याने कोंबडा उचलला. त्याचे ओठ हलू लागले, शब्द अडला, पुन्हा हलले. कोणी घाई केली नाही.

"आ— आमचा," तो म्हणाला. "घ्या."

एवढे छोटे भाषण त्या खोऱ्यात कोणत्याही जामीनदाराने केले नव्हते. गिब्सन यांनी दोन्ही हातांनी कोंबडा घेतला, कोंबडी दिली, आणि उत्तरादाखल तयार केलेले आपले लांबलचक भाषण आयुष्यात प्रथमच गिळले. हुलहुली डोंगरापर्यंत गेली.

"मंगळवारी होणार होतं ते शनिवारीच झालं," ऑस्टिन एलासीच्या कानाशी लागून म्हणाला.

"गप बसा, भाऊजी. मटण वाढा."

*

दुपारी धुके विरले. पोरीबाळी नाचू लागल्या. तडाला आणि यान्खो एका बाकावर बसून, कोणी बघत नसल्यासारखे, एकाच पेल्यातून थोब्वाची गोड पेज पीत होते. झिओने नळाशी हात धूत होती, तेव्हा वायसन शेजारी येऊन उभा राहिला. तिने तांब्या भरून त्याच्या हातावर पाणी घातले. रीत होती.

"खासदारबाई, चांबो उत्तम होता."

"तुम्ही तीनदा घेतलात."

"पद गेलं की भूक वाढते." त्याने हात झटकले. "आता मी जामीनदार नाही, म्हणून मोकळेपणानं बोलतो. ते दक्षिणेकडचे तिघे तुमच्यामागं उठणार नाहीत. दोघांशी मी बुधवारीच बोललोय. तिसरा मंगळवारी आजारी पडणार आहे."

झिओनेने त्याच्याकडे निरखून पाहिले. तो खोटे बोलत नव्हता. खोटे बोलताना तो जास्त हसत असे.

"मग सकाळी माझ्याकडून वाक्य कशाला हवं होतं?"

"सवय," वायसन म्हणाला, आणि प्रथमच थोडा ओशाळला. "आणि एक उठला की दुसऱ्याला पाय असल्याची आठवण होते. मला तो पहिलाच नको असतो. बाई, प्रस्ताव पडेल. तुम्ही बाजूनं मत दिलंत तर पक्षातून तुम्हाला मीच काढीन. ते माझं काम आहे. पोरांच्या लग्नाला मात्र येईन. मला बोलवा."

"तुम्हाला न बोलवून तुमच्या बहिणीला कोण तोंड देणार?"

तो गेला. झिओने ओल्या हातांनीच गिब्सन यांच्याकडे गेली. ते आंब्याखाली खुर्चीत डोळे मिटून बसले होते. कोटाची गुंडी सोडली होती. समाधानाने भरलेले पोट त्यांच्या युक्तिवादाला कधीच मानवत नसे.

तिने वायसनचे सगळे बोलणे त्याच्याच शब्दांत सांगितले.

"म्हणजे सकाळी मी म्हणालो तेच," गिब्सन डोळे न उघडता म्हणाले. "आकडा नाही."

"दादा, आज तू हरकत घेतलीस तेव्हा तुझ्या हातात आकडा होता?"

नाचणाऱ्या मुलींनी एक फेरी पुरी केली.

"नव्हता," ते म्हणाले. "एस्तेरीबाई मोटारीत बसून निघून गेल्या असत्या तर तडालानं जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. मोजायला बसलो असतो तर बोललोच नसतो. वेळच मिळाला नाही, हे माझं नशीब." त्यांनी डोळे उघडले. "पण यावरून सगळ्या देशाचा नियम काढू नकोस. चार चटयांवरची माणसं एकमेकांना ओळखत होती. संसदेत तसं नाही."

"ठाऊक आहे. आणि पूलही ठाऊक आहे, पोटनिवडणूकही, ते अकरा भाचेही. सगळं मोजून झालंय माझं. आता मी बहीण म्हणून विचारत नाही. तुझ्या कोर्टात उभी आहे असं समज. पहिला आरोप खरा आहे. बाकीचे कचरा आहेत. निकाल दे."

गिब्सन यांनी सरळ बसून कोटाच्या गुंड्या वरपासून खालपर्यंत लावल्या. ऑस्टिन दोन पेले घेऊन येत होता, तो काही अंतरावर थांबला.

"प्रस्ताव पडेल," गिब्सन म्हणाले. "तुझी जागाही जाईल. मत बाजूनं दे."